राणीची करंगळी

कितेरिया पिनियाच्या उजव्या हाताची करंगळी सरळ होत नसे. वाळुंजीच्या काड्या चिरताना एकदा सुरी निसटली, आतली शीर तुटली आणि बोट जे आत वळलं ते वळलंच. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती, नवरा जाऊन वर्ष झालं होतं आणि मुलगी नुकती उभी राहायला लागली होती. बोटासाठी रडत बसायला तिला सवड नव्हती. चार बोटांनी काम भागतं हे आठवड्यात कळलं. लेओकाडियाला मात्र ते बोट फार सोयीचं झालं. त्या वाकड्या करंगळीत आपलं बोट अडकवून ती चालायला शिकली.

कितेरियाचं काम घेर विणायचं. घेर म्हणजे बायका झग्याखाली कमरेला बांधतात तो काड्यांचा सांगाडा. एकाखाली एक मोठी होत जाणारी कडी, फितींनी एकमेकांना लटकवलेली, पुढून-मागून दाबलेली आणि दोन्ही बाजूंना फुगवलेली. घेरवाली बाई दारातून आडवी शिरते आणि चर्चमध्ये एकटीच तिघींची जागा अडवते. त्या काळी माद्रिदमध्ये घेराशिवाय बाहेर पडणारी बाई म्हणजे एक तर मोलकरीण, नाही तर आजारी. लावापिएसच्या उतारावर कितेरियाच्या एका खोलीत छताला घेर टांगलेले असायचे आणि मायलेकी त्यांच्याखालून वाकून वावरायच्या.

मग फर्मान निघालं. पाद्री बरेच दिवस ओरडत होते की घेराखाली पोट लपतं, आणि पोटाबरोबर पाप लपतं. लढाया हरत होतो, सैन्याला भाकरी मिळत नव्हती, आणि दरबारातल्या शहाण्यांना काळजी पडली होती ती बायकांच्या कमरेखालच्या काड्यांची. चौकात तुतारी वाजवून वाचून दाखवलं: यापुढे कुणाही बाईनं घेर घालायचा नाही, फक्त ज्या बायका उघडपणे शरीर विकून पोट भरतात त्यांनी खुशाल घालावा. असा कायदा सुचायला डोकं लागतं. घेर दिसला की बाई कोण ते विचारायचंही कारण उरलं नाही. जप्त केलेले घेर तुरुंगाच्या सज्ज्यांवर टांगले, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी हसावं म्हणून. त्यांतले बरेच कितेरियाच्या हातचे होते. गाठ मारायची तिची पद्धत वेगळी, तिनं ते खालूनच ओळखले.

"आई, मान खाली कर. लोक बघताहेत," लेओकाडिया म्हणाली.

"बघू देत की. दोन दिवस उन्हात लटकताहेत, पण एकाची तरी गाठ सुटलीय का बघ."

घरी येऊन तिनं तयार घेर मोडले आणि चुलीत घातले. हरभऱ्याचं कालवण त्यावर आठवडाभर शिजलं. एक घेर तेवढा तिनं पलंगामागे ठेवला. तो तिनं स्वतःच्या अंगावर मापून केला होता आणि तिच्या मते आयुष्यात तेवढा एकच बिनचूक जमला होता. मग ती कोंबड्यांच्या टोपल्या विणायला लागली.

लेओकाडिया तेव्हा वीस वर्षांची. मोठ्या रस्त्यावर हातमोज्यांचं दुकान असलेल्या तादेओशी तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा बरा होता, पण त्याची आई ब्रिखिदा म्हणजे चालती-बोलती कचेरी. सून घरात घ्यायच्या आधी तिच्या आज्याचा बाप्तिस्मा कुठल्या चर्चमध्ये झाला इथपर्यंत तिनं शोध घेतला होता. "आमच्या दुकानात मोठ्या घरच्या बायका हात पुढे करतात," ती म्हणायची. "तो हात धरणारीचं घर कसं आहे, हे बघायलाच हवं ना." कितेरियानं सगळं ऐकून घेतलं. मुलगी उतारावरच्या त्या खोलीतून बाहेर पडावी, तिनं काड्या चिरू नयेत, एवढी एकच गोष्ट तिला या जगाकडून हवी होती.

अशात एके दिवशी राणीसरकारांच्या पोशाखखान्यातली डोन्या मेन्सिया दारात आली. ती पूर्वी वाड्यासाठी घेर घेऊन जायची. कितेरियाची उंची, कंबर, खांदे तिला पाठ होते, कारण राणीसरकारांचीही मापं तीच होती आणि घेर आधी कितेरियावरच घालून बघितला जायचा.

"तोंड बंद ठेवता येतं का तुला?" बसायच्या आधीच तिनं विचारलं.

"आजवर उघडून काय मिळालंय, बाईसाहेब?"

काम असं होतं. राणीसरकारांचं उभं चित्र काढायचं होतं, पूर्ण दरबारी पोशाखातलं, माहेरच्या दरबारी धाडायला. राणी चित्रकारासमोर दोन तास बसणार, तेवढ्यात त्यानं चेहरा उरकायचा. राण्यांना त्याहून जास्त वेळ नसतो. पुढचं सगळं, म्हणजे झगा, बाह्या, हात, हे महिनाभर चालणारं काम. लाकडी बाहुलीवर कापड मेल्यासारखं पडतं, असं चित्रकार मास्तर बाल्तासारचं म्हणणं. पोशाखात जिवंत माणूस पाहिजे. पण राणीचा पोशाख दुसऱ्या कुणी अंगाला लावणं म्हणजे अपराध. तेव्हा कागदोपत्री राणीच उभी राहणार होती आणि प्रत्यक्षात कितेरिया.

"वरचा झगा येईल," डोन्या मेन्सिया म्हणाली. "पण सरकारांच्या अंगाला लागलेलं आतलं काही मिळणार नाही. घेर आहे का तुझ्याकडे एखादा?"

"आहे एक."

"मला ऐकू आलं नाही हं ते," असं म्हणून डोन्या मेन्सिया उठली. जाता जाता म्हणाली, "तुझा जावई हातमोजे करतो ना? बघू. वाड्यात शब्द टाकायला मला काही लागत नाही."

हे शेवटचं वाक्य नसतं तर कितेरिया कदाचित नाही म्हणाली असती. घरी तिनं सांगितलं की मठात टोपल्या विणायचं काम लागलंय. लेकीशी ती पहिल्यांदाच खोटं बोलली.

तीस दिवस ती उभी राहिली. काळा रेशमी झगा, त्यावर चांदीच्या पट्ट्या, इतका जड की संध्याकाळी काढला की पाय आपोआप उचलले जायचे. झग्याला अंबराच्या अत्तराचा वास होता आणि तो तिच्या केसांत जाऊन बसला. हात पांढरे दिसावेत म्हणून मास्तर रोज बदामाचा लेप लावायला सांगायचा. डाव्या हातात रुमाल आणि उजवा हात खुर्चीच्या पाठीवर. चेहरा आधीच रंगवून झाला होता. फिकट, कंटाळलेली, तरुण बाई. त्या चेहऱ्याखाली दिवसेंदिवस कितेरियाचं अंग भरत गेलं.

मास्तर बाल्तासार एरवी बोलायचा नाही, पण स्वतःविषयी बोलायला लागला की थांबायचा नाही. "इतर चित्रकार खुशामत करतात, बाई. मी नाही. मी जे दिसतं तेच काढतो. राजा आला तरी तेच आणि भिकारी आला तरी तेच."

हात रंगवायचा दिवस आला तेव्हा कितेरियानं करंगळी दुसऱ्या हातानं दाबून सरळ धरायचा प्रयत्न केला.

"काय चाललंय?"

"मास्तर, हे बोट राणीसरकारांचं नाही."

"मग खांदे तरी कुठं त्यांचे आहेत? सोड ते. छान पडलंय खुर्चीवर. मी जे दिसतं तेच काढतो."

आणि त्यानं काढलं. खुर्चीच्या लाल मखमलीवर चार बोटं सरळ आणि पाचवं आत वळलेलं. डोन्या मेन्सिया तपासायला आली तेव्हा ती त्या हातापाशी बराच वेळ थांबली.

"सरकारांची करंगळी अशी आहे?" तिनं विचारलं.

"बाईसाहेब रोज त्या हाताचं चुंबन घेतात," मास्तर म्हणाला. "मला काय विचारता?"

अकरा वर्षं डोन्या मेन्सिया तो हात ओठांना लावत होती, पण आपल्याकडे राणीचा हात हाती घेताना डोळे मिटतात किंवा जमिनीकडे ठेवतात. तो हात तिनं कधी पाहिलाच नव्हता. वाड्यात कुणीच पाहिलेला नव्हता. "नजाकत आहे," ती शेवटी म्हणाली, आणि विषय संपला.

शेवटच्या दिवशी मास्तरला चित्रशाळा मोकळी हवी होती. सकाळी मोठे लोक बघायला येणार होते, तिथं बंदीचा घेर सापडता कामा नये. "मोड आणि पिशवीत घालून ने," तो म्हणाला. खरं तर तेच शहाणपणाचं होतं. पण तीस दिवस त्या घेरानं राणीचा पोशाख पेलला होता, एक फीत हलली नव्हती. कितेरियाला तो मोडवेना. दुपारच्या झोपेची वेळ होती, रस्ते ओस, शिपाईसुद्धा सावलीला पेंगत असतील. वरून मोठी काळी शाल घेतली की कुणाला काय कळतंय, असं म्हणत तिनं तो कमरेला बांधला आणि निघाली. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. पण तिच्या बाजूनंही बोललं पाहिजे: आयुष्यभर दुसऱ्यांसाठी घेर विणणारी ती बाई स्वतःचा घेर घालून माद्रिदच्या रस्त्यावरून त्या दिवशी पहिल्यांदा चालली. ती मान वर करून चालली, आणि तिथंच फसली. शालीखाली काय आहे ते शिपायाला तिच्या चालीवरून कळलं.

कचेरीत न्यायाधीशासमोर तिनं खरं ते सांगितलं. खरं सांगितलं की सुटका होते, हे तिला लहानपणी शिकवलेलं होतं.

"राणीसरकारांच्या चित्रासाठी मी उभी राहते. त्यांच्या पोशाखात. चित्रात हात माझा आहे. मास्तर बाल्तासारना विचारा."

न्यायाधीशानं मास्तरला बोलावणं धाडलं. तो तासाभरात आला, टोपी काढली आणि भिंतीकडे बघत उभा राहिला.

"त्या पोशाखात मी राणीसरकारांखेरीज कुणाला पाहिलेलं नाही."

"आणि ही बाई?"

"फरशी पुसायला बायका येतात माझ्याकडे. असेल त्यातली एखादी."

जे दिसतं तेच काढणाऱ्यानं कानांवर हात ठेवले ते असे. खरं बोलला असता तर त्याची नोकरी गेली असती, डोन्या मेन्सियाची गेली असती, चित्र जाळावं लागलं असतं. एका टोपलीवालीसाठी एवढं कोण करतो? तो टोपी घालून निघून गेला.

आता घेराचा गुन्हा मागे पडला आणि राणीच्या बेअदबीचा पुढे आला. न्यायाधीश फराळाला उठला. कारकून मागे राहिला. तो काही वाईट माणूस नव्हता. दयेनं माणसाचं किती वाटोळं करता येतं, हे मात्र त्याच्याकडून शिकावं.

"नीट ऐक, बाई," तो वही पुढे ओढून म्हणाला. "राणीचा पोशाख घातला म्हणशील, तर गाढवावर बसवून फटके मारत नेतील. मोठ्या रस्त्यानं नेतात नेहमी. नुसता घेर घातला म्हणशील, तर चार वर्षं शहराबाहेर."

"तीन रविवारांनी माझ्या मुलीचं लग्न आहे."

"म्हणून तर सांगतोय. तिसरं एक आहे. तू त्या बायकांतली आहेस असं म्हण. मग गुन्हाच उरत नाही. त्यांना घेर घालायची मुभा आहे. आत्ता घरी जाशील."

"आणि ते कुठं लिहिणार?"

"इथं, वहीत. ही वही कोण वाचतंय? मीसुद्धा परत वाचत नाही."

मोठ्या रस्त्यावर तादेओचं दुकान होतं. गाढव त्या दुकानासमोरून जाणार, ब्रिखिदा दारात येणार, लेओकाडिया तिच्या मागे उभी असणार. कितेरियाला एवढंच दिसत होतं.

"लिही," ती म्हणाली.

"हो म्हण. तोंडानं म्हणावं लागतं."

"हो."

घेर तिला परत मिळाला. आता तो तिचा कायदेशीर होता. रात्र पडायच्या आत ती घरी पोचली.

त्या वहीतलं कुणी वाचलं नसेलही, पण कारकुनाला जीभ होती. दुसऱ्या दिवशी सान फेलिपेच्या पायऱ्यांवर, जिथं अख्ख्या राज्याच्या बातम्या राजाच्याही आधी पोचतात, ती बातमी पोचली आणि दुपारपर्यंत ब्रिखिदाच्या कानावर गेली. संध्याकाळी लेओकाडिया घरी आली ती बसली नाही.

"खरं आहे का?"

"मी चित्रासाठी उभी होते. राणीच्या."

"राणीच्या."

"हात माझा आहे त्यात. करंगळी बघितलीस की तुला कळेल."

"चित्र वाड्यात आहे आणि मी लावापिएसमध्ये. कुठं जाऊन बघू, आई?" तिचा आवाज चढला नाही, त्यानंच कितेरियाला धडकी भरली. "महिनाभर तुझ्या केसांना अंबराचा वास येतोय. हात बघ तुझे, किती मऊ झालेत. मी विचारलं तर म्हणालीस, मठात टोपल्या विणते. मठातल्या टोपल्यांनी हात मऊ होतात?"

"सांगायची बंदी होती, पोरी."

"आणि वहीत? तिथंही बंदी होती? हो कोण म्हणालं?"

"गाढव तुमच्या दुकानावरून जाणार होतं."

"गेलं असतं तर बरं झालं असतं. राणीचा पोशाख घातला म्हणून मार खाल्लास, असं तरी सांगता आलं असतं. आता काय सांगू?"

पोरीचं म्हणणं चूक होतं असं कुणी म्हणू नये.

तादेओनं हट्ट धरला म्हणून लग्न मोडलं नाही. ब्रिखिदानं एकच अट घातली: "पोरकी मुलगी चालेल. आई असलेली चालणार नाही." चर्चच्या नोंदीत लेओकाडियानं आई वारली असं सांगितलं. कितेरिया त्या वेळी माद्रिदमध्ये नव्हतीच. गाठोडं आणि सुरी घेऊन ती दोन दिवस चालत चिंचोन गावाला गेली, आणि लसणाच्या टोपल्या विणायला बसली. पलंगामागचा तो घेर तिनं पुलावरून नदीत टाकला. मान्सानारेसला उन्हाळ्यात पाणी ते किती. घेर तिथंच वाळूत अडकून राहिला.

चिंचोनला सात वर्षं गेली. तिथं ती विधवा टोपलीवाली होती आणि तिला मूल नव्हतं. खेचरवाल्याची बायको रुफिना तिच्याकडून टोपल्या घ्यायची आणि माद्रिदच्या बातम्या फुकटात द्यायची. एका वसंतात टोपल्या उचलता उचलता ती कितेरियाच्या हाताकडे बघून हसायला लागली.

"अगंबाई, तू पण? या वयात?"

"काय झालं?"

"करंगळी गं. माद्रिदमध्ये सगळ्या बायका अशीच धरतात आता. पेला धरताना, जपमाळ ओढताना, माश्या मारतानासुद्धा. राणीचं बोट म्हणतात त्याला. राणीचं चित्र आहे म्हणे कुठलं तरी, त्यात तसं आहे. मोठ्या रस्त्यावर एक दुकान आहे, तिथं तर मोजेच वाकड्या बोटाचे मिळतात. पण तुझ्यासारखं कुणाला जमत नाही हं. तू मोठ्या घरात जन्मायचीस."

कितेरियानं हातातली टोपली पुरी केली. मग दुसऱ्या दिवशी रुफिनाच्या खेचरांबरोबर ती माद्रिदला निघाली. वाटेत रुफिना बोलत राहिली आणि तिच्या मनात एकच गोष्ट घोळत राहिली: पोरीला दाखवायला आता पुरावा आहे.

राणीचा वाढदिवस होता. मोठ्या चौकात जरीच्या छताखाली चित्र उभं केलं होतं, मूळ परदेशी गेलेलं, ही नक्कल. बाजूला दोन भालेवाले. पुरुष टोप्या काढून जात होते आणि बायका गुडघे टेकत होत्या, सगळ्या घेर घालून. बंदी कुणी उठवली नव्हती. राणीच घेर घालते हे सगळ्यांनी चित्रात पाहिलं, आणि तेव्हापासून शिपायांना घेर दिसेनासे झाले.

"म्हातारे, गुडघे टेक," भालेवाला म्हणाला.

कितेरियानं गुडघे टेकले. समोर लाल मखमलीवर तिचा हात होता. नक्कल करणाऱ्यानं करंगळी आणखी थोडी वाकडी केली होती. शेजारी एक बाई आपल्या मुलीला दटावत होती, "बघ नीट, हात कसा ठेवलाय. तुला शंभरदा सांगितलं तरी जमत नाही. रक्तातच असावं लागतं ते."

मास्तर बाल्तासारला म्हणे त्या चित्राबद्दल वाड्यात खोली मिळाली होती. डोन्या मेन्सियाची कुठंशी बढती झाली होती. आणि राणी? राणीनं चित्र पाहिलं, काही बोलली नाही, आणि महिन्याभरानं तीही करंगळी वाकवायला लागली, असं लोक सांगतात. खोटं कशाला म्हणा?

तादेओचं दुकान वाढलं होतं. शेजारचा गाळाही त्यात घेतला होता. दारावर लाकडी हात टांगला होता, करंगळी वाकडी असलेला. आत दोन घेरवाल्या बायका मोजे बघत होत्या आणि गल्ल्यापलीकडे लेओकाडिया उभी होती. अंगानं भरलेली, कानांत मोती. दारात लसणाची टोपली ठेवून आत आलेली म्हातारी तिनं पाहिली. क्षणभर तिचे हात थांबले.

"काय हवंय, बाई?" तिनं विचारलं.

"मोजा बघायचाय. त्या बोटाचा."

घेरवाल्यांतली एक खुदकन हसली. "बघा आता. उद्या कोंबड्याही मागतील."

"घालून बघू दे की तिला," दुसरी म्हणाली. "माझं बोट तर तासाभरात दुखायला लागतं यात. सोसायची सवय लागते म्हणे."

लेओकाडियानं मोजा पुढे केला. तो कोकराच्या कातड्याचा होता, कागदाहून पातळ. गिऱ्हाइकाच्या हातावर मोजा स्वतः चढवायचा ही दुकानाची रीत, तेव्हा तिनं तो चढवला. चार बोटं गेली. पाचवं कुठंही न ताणता, न चुरगळता, गेलं आणि बसलं. शिवण तपासायला लेओकाडियानं सवयीनं आपलं बोट त्या वाकड्या करंगळीतून फिरवलं. ते तिथं अडकलं. ती तशीच उभी राहिली.

"माप घ्यावं लागेल," ती म्हणाली. "आत या."

पडद्यामागे कातड्यांचे ढीग होते. लेओकाडियानं मोजा काढायला सुरुवात केली.

"तू म्हणालीस ते खरं होतं," ती म्हणाली.

"हो."

"चौकातला हात..."

"माझाच आहे. राणीला तर बोट वाकवावं लागतं म्हणे आता."

लेओकाडियानं तिचा हात गालाला लावला. सात वर्षं कितेरियानं याच एका गोष्टीची वाट पाहिली होती, आणि ती घडली. "मला पटलं, आई. देवाशपथ पटलं. मी तुला काय काय बोलले."

"जाऊ दे. पोर होतीस."

मग लेओकाडियानं डोळे पुसले आणि पडद्याच्या फटीतून बाहेर पाहिलं.

"तू कुणाला सांगितलंयस हे?"

"नाही."

"नक्की? चिंचोनला? खेचरवालीला?"

"कुणालाच नाही. तुलाच सांगायला आले."

"मग सांगू नकोस. कधीच नको. हे बोट राणीचं नाही, टोपलीवालीचं आहे असं कळलं, तर उद्या एक मोजा विकला जाणार नाही. आणि राणीच्या नावानं फसवलं म्हणून तादेओला धरतील, ते वेगळंच." ती भरभर बोलत होती, हिशेब तिच्या आवाजातच कळत होता. "दोन मुली आहेत मला, आई."

"नावं काय?"

लेओकाडियानं नावं सांगितली. त्यात कितेरिया नव्हतं.

"त्यांना आजी वारली एवढंच माहीत आहे," ती म्हणाली. "तशीच राहू दे. सणासुदीला मी रुफिनाबरोबर काहीतरी पाठवत जाईन. तू येऊ नकोस."

"पण तुला पटलं ना?"

"सांगितलं ना, पटलं."

तिनं मोजा काढून घेतला, हातानं सारखा केला आणि पडदा बाजूला केला. कितेरिया तिच्या मागून बाहेर आली. घेरवाल्या बायका अजून तिथंच होत्या.

"काय गं, बसला का तिला?" हसणारीनं विचारलं.

"छे," लेओकाडिया म्हणाली, मोजा परत खोक्यात ठेवत. "तिच्या हाताला कुठला बसतोय. तसे हात जन्मानंच मिळावे लागतात."

कितेरियानं हात शालीत घेतला आणि दारातली टोपली उचलली. दारात तिसरी घेरवाली आत शिरत होती, म्हणून तिला अंग चोरून, आडवं होऊन बाहेर पडावं लागलं.